चर्चा : पहिल्या वर्षाला भूमिती एकत्र शिकवावी का?

त्रिज्या
गणितातली भूमिती, रेणूंची भूमिती आणि वर्कशॉपच्या ड्रॉइंगवरची भूमिती हे तीन विषय आहेत असं मला वाटत नाही. गणितज्ञ फेलिक्स क्लाइनने 1872 मध्येच मांडून ठेवलंय : आकृती हलवा, फिरवा, जे बदलत नाही त्याचा अभ्यास म्हणजे भूमिती. मिथेनचा 109.5 अंशांचा कोन पोरं पाठ करतात. कशाला? कार्बन चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) मध्यात, हायड्रोजन चार कोपऱ्यांवर; मध्यातून दोन कोपऱ्यांकडे रेषा काढा, कोनाचा कोसाइन उणे एक तृतीयांश येतो. पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी पहिल्या वर्षी हे सगळं एकाच शिक्षकाकडे द्यावं.

पाषाणकर
मिथेन सोयीचा म्हणून निवडलात. अमोनियाचे 107 आणि पाण्याचे 104.5 काढून दाखवा त्याच चतुष्फलकातून! तिथे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या बंधांना रेटतात. शेवटी ऊर्जा सर्वांत कमी होते ती मांडणी टिकते.

फॉस्फरस पेंटाफ्लोराइड बघा. इलेक्ट्रॉन विवर्तनात (इलेक्ट्रॉनचा झोत टाकून आकार मोजतात त्यात) वरखालचे दोन बंध मधल्या तिघांपेक्षा लांब दिसतात. खोलीच्या तापमानाला फ्लोरिनच्या एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रं तपासण्याच्या पद्धतीत) मात्र पाचही फ्लोरिन सारखे, कारण अणू आपसात जागा बदलतात आणि एनएमआर त्या मानाने संथ. कोणत्या उपकरणाने पाहिलं हे सांगितल्याशिवाय आकार सांगता येत नाही.

किरीट
पाषाणकर, एक्स-रे हाताशी नसताना रसायनशास्त्रज्ञ व्हर्नरने 1893 मध्ये प्लॅटिनमच्या संयुगाचा आकार कसा ओळखला? दोन अमोनिया, दोन क्लोरीन असलेलं संयुग दोन रूपांत मिळत होतं. चतुष्फलकात कुठलेही दोन कोपरे शेजारीच, म्हणजे एकच रूप शक्य. चौरसात शेजारी किंवा समोरासमोर, म्हणून दोन. निव्वळ मोजणी. त्यातलं शेजारी क्लोरीनवालं रूप म्हणजे कर्करोगावरचं सिसप्लॅटिन. दुसरं रूप औषध म्हणून निरुपयोगी.

भोसरी क्यूसी
तुमचं चालू द्या. वर्तुळ ड्रॉइंगवर असतं, जॉबवर, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागावर, कधीच नसतं. गोलाई 0.005 मिमी लिहिली म्हणजे प्रत्येक छेद अशा दोन समकेंद्री वर्तुळांमध्ये बसायला हवा, ज्यांच्या त्रिज्यांत 5 मायक्रॉनचा फरक आहे.

सेंटरलेस ग्राइंडिंगला (शाफ्ट दोन चाकांमध्ये, खालच्या आधारपट्टीवर म्हणजे ब्लेडवर ठेवून घासतात) ब्लेड खाली बसलं आणि जॉबचा मध्य चाकांच्या मध्यरेषेवर आला, की शाफ्टला तीन लोब, म्हणजे फुगवटे, येतात. मायक्रोमीटर कुठूनही लावा, व्यास तोच. इन्स्पेक्शन ओके, आणि हाउसिंगमध्ये शाफ्ट जाम. शिवाय 38 अंशांच्या शेडमधला 100 मिमीचा स्टीलचा जॉब 20 अंशांच्या एसी रूममध्ये आणून लगेच मोजला, तर साधारण 20 मायक्रॉन जास्त दाखवतो. हे युक्लिडच्या कुठल्या प्रमेयात बसवणार?

त्रिज्या
तापमान सोडून देतो, ते भौतिकशास्त्राचं. पण लोबचं उदाहरण देऊन तुम्ही माझीच बाजू मांडलीत. सगळीकडे रुंदी सारखी, तरी गोल नाही, अशा आकारांचं गणित जुनं आहे. जॉब व्ही-ब्लॉकवर (V आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) फिरवून वरून डायल (काट्याचं मापक) लावा. 60 अंशांच्या ब्लॉकवर तीन लोबची चूक तिप्पट दिसते, पाच लोबची शून्य. 90 च्या ब्लॉकवर दोन्ही दुप्पट. सगळी त्रिकोणमिती.

भोसरी क्यूसी
आकडे बरोबर. पण 60 च्या ब्लॉकवर पाच लोबचा शाफ्ट पास करणारा माणूस त्रिकोणमितीत पास झालेलाच असतो हो! लोब किती आहेत हे मोजण्याआधी माहीत नसतं, खरी अडचण ती आहे. आणि सात लोब आले तर 60 आणि 90, दोन्ही ब्लॉकवर काटा हलत नाही. तिथे राउंडनेस टेस्टरच, म्हणजे गोलाई मोजायचं यंत्रच, लागतो.

पाषाणकर
म्हणजे एनएमआरसारखंच, उपकरण जे दाखवू शकतं तेवढंच दिसतं. तुमचा एक शिक्षक हे कुठल्या तासाला घेणार, त्रिज्या?

त्रिज्या
प्रॅक्टिकलला. एक तीन लोबचा, एक सात लोबचा शाफ्ट आणि दोन्ही ब्लॉक टेबलावर ठेवायचे. मग बघू कोण काय पास करतंय.