गनस्मोक : खरा मॅट डिलन अर्ध्या तासातच मावत होता

रानभैरी
'गनस्मोक' या अमेरिकन वेस्टर्न टीव्ही मालिकेत डॉज सिटीचा मार्शल मॅट डिलन रंगवणारा जेम्स अर्नेस २०११ मध्ये गेला, ८८ व्या वर्षी. त्याचा विषय निघाला की सगळे तेच आकडे सांगतात : १९५५ ते १९७५, २० वर्षं, ६३५ भाग, मार्शल तोच. मान्य. पण 'गनस्मोक' एवढी टिकली म्हणून थोर, हे मला पटत नाही. माझ्या मते १९६१ पर्यंतचे अर्ध्या तासाचे २३३ भाग हीच खरी मालिका. नंतरचे तासाभराचे ४०२ भाग म्हणजे पाहुणे वाढले म्हणून पाणी घातलेली आमटी.

पहिलाच भाग घ्या. सुरुवातीला खुद्द जॉन वेन येऊन या नव्या नटाची ओळख करून देतो. वाटतं, आता मोठा पराक्रम बघायला मिळणार. आणि आपला नायक थोड्याच वेळात गोळी खाऊन आडवा होतो! खलनायक डॅन ग्रॅट त्याच्याहून चपळ आहे, विषय संपला. बरा झाल्यावर मॅटच्या लक्षात येतं की हा गडी अगदी जवळ येऊनच पिस्तूल काढतो, कारण लांबून त्याचा नेम लागत नाही. पुढच्या वेळी मॅट अंतर राखतो. नायक हरू शकतो, ही धास्ती त्या भागांत कायम असायची. रंगीत काळात ती गेली.

शिवाय अर्नेसचं ते गप्प राहणं. ६ फूट ७ इंचांचा माणूस दारात उभा राहिला की त्याला आवाज चढवावाच लागत नाही. कुणाला मारल्यावर चेहऱ्यावर फुशारकी नाही, नुसता शीण. सुरुवातीच्या भागांत तो बूट हिलच्या कबरींमधून फिरत मनाशी बोलतो. तेवढंच काय ते जास्तीचं बोलणं.

डॉकचा पेशंट
साफ असहमत. अर्ध्या तासात काय होतं? एक जण येतो, भांडतो, मरतो. तासाभरात डॉज सिटी गाव म्हणून उभं राहिलं. दुष्काळात पिचलेले शेतकरी, विधवा, बायसनची शिकार संपल्यावर बेकार झालेले शिकारी. मॅट अर्धा भाग गायब असतो ही तुमची तक्रार असेल, पण मला तीच गंमत वाटते. मिलबर्न स्टोनचा डॉक (गावचा डॉक्टर) आणि केन कर्टिसचा फेस्टस (मॅटचा मदतनीस) यांची ती कायमची तंटाबाजी मी कुठल्याही गोळीबारापेक्षा आवडीने बघतो. स्टोनला टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं ते १९६८ मध्ये, तुमच्या 'पाणचट' काळातच.

आणि प्रेक्षकांचं काय? १९६७ मध्ये सीबीएस वाहिनीने मालिका बंद करायचं ठरवलंच होतं. वाहिनीचा अध्यक्ष विल्यम पेलीने निर्णय फिरवला, शनिवारची मालिका सोमवारी गेली आणि पुन्हा पहिल्या दहांत आली. (जागा करण्यासाठी बळी गेला तो 'गिलिगन्स आयलंड' या विनोदी मालिकेचा. बिचारे बेटावरच राहिले.)

कानसेन
दोघंही चुकताय. खरा मॅट डिलन म्हणजे विल्यम कॉनरॅड, रेडिओवरचा. १९५२ पासून १९६१ पर्यंत. रानभैरी ज्या अर्ध्या तासाचं कौतुक करतायत, त्यातल्या कितीतरी कथा जॉन मेस्टनने आधी रेडिओसाठी लिहिल्या होत्या. कॉनरॅडला पडद्यावर घेतलं नाही, कारण तो जाडा होता. आवाजातला शीण ऐकायचा असेल तर तिकडे जा.

रानभैरी
@कानसेन, मेस्टनला दंडवत, त्यात वाद नाही. पण रेडिओवर गप्प राहिलं तर संच बिघडला असं वाटतं. कॉनरॅडला बोलावंच लागायचं. अर्नेस न बोलता तेच करतो.

@डॉकचा पेशंट, लोकप्रियतेवर दर्जा ठरवायचा तर धागाच मिटला.

चौकस तात्या
अवांतर : दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये इटलीत अँझिओला अर्नेसचा उजवा पाय गोळ्यांनी फुटला होता. तिथे किनाऱ्यावर उतरताना पाणी किती खोल आहे ते बघायला सर्वांत उंच म्हणून यालाच पुढे काढलं होतं म्हणे. पाय जन्मभर दुखत राहिला, घोड्यावर चढताना तर जास्तच. आणि मालिकेत लंगडतो कोण? मॅटचा मदतनीस चेस्टर! तो डेनिस वीव्हर धडधाकट खेळाडू, १९४८ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत डेकॅथलॉनला उतरलेला. खोटं लंगडणाऱ्याला एमी मिळालं, खऱ्या दुखण्यावर चालणाऱ्याला तीनदा नामांकन मिळूनही नाही.

लाँगब्रँचची मावशी
मॅटच्या मौनाचं एवढं कौतुक चाललंय, पण त्याची किंमत लाँगब्रँच गुत्त्याच्या मालकिणीने, किटीने भरली. अमांडा ब्लेक १९ वर्षं त्या गुत्त्याच्या जिन्यावर उभी राहून वाट बघतेय. १९७३ मध्ये काय झालं? मार्शलसाहेबांची स्मृती गेली आणि ते दुसऱ्याच बाईच्या प्रेमात पडले. १९९० च्या टीव्ही चित्रपटात तर तिच्यापासून झालेली मुलगीही समोर आली. हा तुमचा सज्जन नायक! अमांडाने त्या वर्षानंतर मालिका सोडली, शेवटचं वर्ष किटीविनाच गेलं.

विचिटाकर
मी कॅन्ससमध्येच राहतो, म्हणून थोडं खऱ्या डॉजबद्दल. टेक्सासहून गुरं हाकत आणायचा तिथला धंदा जेमतेम दहा वर्षं चालला, १८८५ च्या सुमाराला आटोपला. मालिका त्याच्या दुप्पट चालली! रेल्वेरुळांच्या उत्तरेला हत्यार बाळगायला बंदी होती, म्हणजे भर रस्त्यात रोजची पिस्तूलबाजी हा टीव्हीचाच उद्योग. काऊबॉयांमध्ये काळे आणि मेक्सिकन कितीतरी होते, मालिकेत ते क्वचित दिसतात. अर्नेस आवडतो, पण गाव खरं नाही हे ध्यानात असू द्या.

डॉकचा पेशंट
@विचिटाकर, कबूल. पण काळ्या आणि मूळ रहिवाशांच्या बाजूने काही तरी बोलायचा प्रयत्न झाला तो नंतरच्याच भागांत. तोही माझ्याच खात्यात जमा करा.

रानभैरी
करतो. पण मुख्य प्रश्नाला बगल देताय. रंगीत भागांतला असा एक सांगा, ज्यात मॅट खरंच हरतो.

डॉकचा पेशंट
मावशींनी सांगितलेलाच, १९७३ चा. मनासारखी बाई आणि साधं घर समोर असताना हा माणूस ते सोडून डॉजला परत जातो.

लाँगब्रँचची मावशी
त्यात हरला कोण, हे किटीला विचारा आधी.