बार्थेल १०० पैकी १००, तरी बाबा गप्प

निशिगंध:
बाबांच्या स्ट्रोकला सात महिने झाले. परवा तपासणीत बार्थेल स्कोअर १०० पैकी १०० आला. म्हणजे जेवण, आंघोळ, कपडे, जिना, लघवी-शौचावरचा ताबा, सगळ्यात पूर्ण गुण. डॉक्टर खूश. घरी मात्र बाबा दिवसभर गप्प. फोन वाजला की उठून दुसऱ्या खोलीत जातात, कारण ऐनवेळी शब्द सापडत नाही. माझ्या मते हा आकडा हातापायांचा आहे, जगण्याचा नाही. जगणं कसं चाललंय ते पेशंटलाच विचारायला हवं.

चालता-बोलता:
मी फिजिओथेरपिस्ट. बार्थेलवर राग काढू नका. १९६५ साली तो मांडणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय की १०० गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नव्हे; स्वयंपाक, घर सांभाळणं, लोकांत वावरणं त्यात धरलेलंच नाही. आणि 'पेशंटला विचारा' म्हणणं सोपं आहे. सोमवारी माणूस म्हणतो झकास, गुरुवारी म्हणतो कशाला जगतोय. व्यायामाचा फायदा होतोय का, हे मी त्यावरून ठरवू? पायऱ्या चढला की चढला, तिथे वाद नाही.

निशिगंध:
स्ट्रोक इम्पॅक्ट स्केल नावाची पेशंटसाठीची प्रश्नावली आहे. तिच्यात हाताच्या ताकदीइतकंच बोलणं, स्मरण, मनःस्थिती आणि लोकांतला सहभाग यांवरही प्रश्न आहेत. शेवटी तर 'तुम्ही किती सावरलात' हे ० ते १०० मध्ये पेशंटच सांगतो. आम्हाला सात महिन्यांत यातलं एकदाही कुणी विचारलं नाही. प्रश्नच नाही, तर उत्तर डळमळीत आहे की नाही हे कळणार कसं?

डावा_हात:
मला स्वतःला स्ट्रोक येऊन चार वर्षं झाली. सुरुवातीला माझा फॉर्म बहिणीने भरला. प्रेमाने भरला, पण इतका रडका की वाचून मलाच माझी दया आली! घरचे सहसा पेशंटपेक्षा वाईटच गुण देतात, हे अभ्यासांतही वारंवार दिसलंय. निशिगंधताई, रागावू नका, पण 'बाबा गप्प' हे तुमचं मोजमाप आहे. त्यांचं काय?

रोखठोक:
पेशंट सांगेल तेच धरायचं, हे मला पटत नाही. माणूस अपेक्षा खाली आणतो आणि मग म्हणतो, माझं छान चाललंय. याला संशोधक 'रिस्पॉन्स शिफ्ट' म्हणतात; मी तडजोड म्हणतो. उद्या 'पेशंट समाधानी आहे' म्हणून थेरपी बंद केली तर? शिवाय मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काहींना आपला डावा हात चालत नाही याचाच पत्ता नसतो. त्यांच्या शब्दावर किती भिस्त ठेवायची?

डावा_हात:
तडजोड? मी डाव्या हाताशिवाय जगायला शिकलो, ते शिकणं तुमच्या हिशेबात वजा का?

चालता-बोलता:
रोखठोक यांचा दुसरा मुद्दा खरा आहे. पहिल्याबद्दल मी डावा_हात यांच्या बाजूने. आणि निशिगंध, एक महत्त्वाचं राहून जातंय. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत. गप्प राहणं वाचाघातामुळे (मेंदूच्या इजेने शब्द अडणं) की नैराश्यामुळे, हे आधी तपासून घ्या. शब्द अडत असतील तर लांब फॉर्म हातात देऊ नका. अशा पेशंटसाठी ३९ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, ती समोर बसून, उत्तरावर बोट ठेवू देत भरून घेतात. स्पीच थेरपिस्टना विचारा.

निशिगंध:
वेळ घेतली आहे. तोवर कागदावर ० ते १०० अशी रेघ ओढून दोघांना वेगवेगळं विचारलं. आईने ३० दाखवले, बाबांनी ६५. आईला आकडा कळला, ती म्हणाली "काहीतरीच!" मग बाबांनी पंधराएक मिनिटं अडखळत, हातवारे करत तिच्याशी वाद घातला. सात महिन्यांत एवढं बोलले नव्हते.

रोखठोक:
मग खरा आकडा कोणता धरायचा?

चालता-बोलता:
दोन्ही. तारीख घालून लिहून ठेवा. तीन महिन्यांनी परत विचारा, आधीचे आकडे न दाखवता.