मदत हवी आहे: कपॅसिटर ९ व्होल्टपर्यंत चढतच नाही, ८.१४ वर अडकतो

मुलगी बारावी सायन्सला आहे. आरसी सर्किटचा (बॅटरीला रेझिस्टर आणि त्याच्यामागे वीज साठवणारा कपॅसिटर) प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय. मी कॉमर्सची, पण दोन दिवस ऐरोलीच्या घरात जेवणाच्या टेबलावर हेच चाललंय आणि आता उत्तर मलाही हवंय.

सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी (मीटरवर ९.०२), १०० किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी-काळा-पिवळा), ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मीटर साधा, पिवळा, स्वस्तातला. त्याच्या वायरी कपॅसिटरच्या पायांना चिमट्याने लावूनच ठेवल्यात. ती सेकंद मोजत आकडा सांगते, मी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते:

३० सेकंद: ४.११
६० सेकंद: ६.१५
९० सेकंद: ७.१६
१२० सेकंद: ७.६६
५ मिनिटं: ८.१४

पुढे दहा मिनिटं थांबलो, आकडा ढिम्म हलला नाही. तीनदा केलं, तेच. आणखी एक गंमत तिच्या लक्षात आली: दर अर्ध्या मिनिटाची वाढ आधीच्या निम्मी. ४.११, मग २.०४, मग १.०१, मग ०.५०. हे असंच असतं का?

ती म्हणते, "आई, जर्नलमध्ये सरळ ९ लिहून टाकते, सरांना तेच हवं असतं." मला ते पटत नाही. जे दिसलं ते खोटं का ठरवायचं?

प्रतिसाद:
ताई, अजिबात ९ लिहू देऊ नका, तिचे आकडे फार छान आलेत.

आधी निम्म्याचं. रेझिस्टरवर पडतो तो बॅटरी आणि कपॅसिटर यांच्या व्होल्टमधला फरक. सुरुवातीला पूर्ण ९ व्होल्ट, म्हणून ९० मायक्रोअँपिअर करंट. कपॅसिटर ६ वर गेला की उरले ३, करंट ३०. भरत जाईल तसा भरण्याचा वेग मंदावतो, म्हणून ठरावीक वेळात उरलेलं अंतर निम्मं होतं. १०० किलोओहम गुणिले ४७० मायक्रोफॅरड म्हणजे ४७ सेकंद. तेवढ्यात तो ६३ टक्के भरतो. निम्मा व्हायला सुमारे ३३ सेकंद.

तुमच्याकडे ३० लागले, कारण मीटर. असल्या स्वस्त मीटरचा स्वतःचा रोध बहुधा १ मेगओहम असतो, आणि तो कपॅसिटरला समांतर बसलाय. म्हणजे ९ व्होल्टचे अकरा वाटे झाले, दहा कपॅसिटरला, एक रेझिस्टरला. करा हिशेब: ८.१८. वेळही ४७ वरून ४३ सेकंदांच्या आसपास आला, म्हणून निम्म्याचा ३३ वरून ३०.

खात्री करायची तर कपॅसिटर पूर्ण डिस्चार्ज करा, मीटर न लावता पाच मिनिटं चार्ज करा आणि मग वायरी टेकवा. पहिला आकडा बघा. पट्ट्याची बाजू ऋण, ती उलटी लावू नका.

धागाकर्ती:
केलं! टेकवल्याबरोबर ८.९१, आणि लगेच घसरायला लागलं. अर्ध्या मिनिटात ८.५, मग हळूहळू पुन्हा ८.१४. ती खुर्चीवरून उठून ओरडलीच. आता एकाच आलेखावर दोन्ही रेषा काढतेय, खाली मीटरचा हिशेब. पण विचारतेय, ८.९१च का, ९.०२ का नाही?

प्रतिसाद:
हाच प्रश्न विचारायला हवा होता. तुमच्यासारखा पट्ट्याचा, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक, कपॅसिटर आतून थोडा गळतो, म्हणजे त्यातून थोडा करंट सतत जात राहतो. १ मायक्रोअँपिअर गळला तरी १०० किलोओहमवर ०.१ व्होल्ट जातो. तेही लिहायला सांगा.