शब्द ओळखणे आणि मागणी करणे

दाबल्यावर ध्वनिमुद्रित शब्द ऐकवणारी बटणे वापरून मागणी करायला काही जण आपल्या कुत्र्यांना शिकवतात. ‘कुत्रा शब्द समजून बटण दाबत नाही, मालकाच्या हालचाली पाहून दाबतो’ हा त्यावर घेतला जाणारा आक्षेप काही अंशी रास्त असला तरी अपुरा आहे. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील फेडेरिको रोसानो यांच्या गटाने ५९ कुत्र्यांवर केलेले प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बाहेर’ आणि ‘खेळ’ या अर्थाचे शब्द मालकाने ऐकवले काय किंवा अनोळखी माणसाने, तोंडाने उच्चारले काय किंवा बटण दाबून, कुत्र्यांचे वागणे त्या शब्दांना साजेसेच होते. कुत्रा वाक्ये रचतो, असे मात्र यावरून अजिबात सिद्ध होत नाही.

बटणांचा खर्च करण्याआधी दाराला घंटी बांधून पाहावी, असे मी आवर्जून सुचवेन. आमच्या कुत्रीसाठी आम्ही कडीला तिच्या नाकाच्या उंचीवर घुंगरांची दोरी बांधली आणि फिरायला निघताना नाकाने घुंगरू हलले की त्याच क्षणी दार उघडायचे, एवढाच नियम घरातल्या सर्वांनी पाळला. ती हे लवकर शिकली. पण पुढे दुपारीही घुंगरू वाजू लागले, आणि दार उघडले तरी ती बाहेर न जाता पाण्याच्या रिकाम्या भांड्यापाशी उभी राहून एकदा भांड्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत असे. ही आळीपाळीची नजर कुत्र्यांना शिकवावी लागत नाही, म्हणून कोणतेही साधन वापरताना तिला आधी प्रतिसाद द्यावा.