मोटर मोकळ्या जागेत झटके का खाते

आर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि अंतर मोजणारा सेन्सर लावून मोटरचा वेग ठरवलाय: वस्तू जवळ आली की मोटर हळू, लांब गेली की जोरात, इथवर ठीक. पण समोर काहीच नसताना ती अचानक मंदावते. सेन्सर बदलायची घाई नको. एका पट्ट्यातला आकडा दुसऱ्या पट्ट्यात बदलणारं मॅप फंक्शन उत्तराला लगाम घालत नाही. 10 ते 100 सेंमी अंतराला 0 ते 255 हा वेगाचा आकडा (पीडब्ल्यूएम) दिलात, तर 110 सेंमीला 283 येतं. ऊनोच्या 5 नंबर पिनचं रजिस्टर (आकडा ठेवायची जागा) 8 बिटचं, त्यात 255 पर्यंतच मावतं, त्यामुळे 256 वजा होऊन 283 चे उरतात 27, आणि मोटर गळपटते. मॅप करण्याआधी अंतराला कन्स्ट्रेन (आकडा ठरलेल्या मर्यादेत ठेवणारं फंक्शन) लावा.

शिवाय कमी पीडब्ल्यूएमला मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. ती फिरायला लागते तो आकडा शोधा आणि मॅपची खालची मर्यादा 0 ऐवजी तिथून धरा.