भाचीला गोशे निघालाय, एन्झाइमच्या इंजेक्शनबद्दल माहिती हवी

बार्शीचा_मामा

नमस्कार मंडळी, माझ्या भाचीबद्दल विचारायचंय. वय साडेतीन, वजन जेमतेम १२ किलो. बरेच महिने पोट फुगलेलं होतं, आधी जंत म्हणून औषधं झाली, मग मलेरियाने पानथरी वाढली असेल म्हणाले, मग प्लेटलेट खाली गेल्या आणि नाकातून रक्त यायला लागलं तेव्हा ब्लड कॅन्सरचा संशय घेऊन बोन मॅरो केली. त्यात वेगळ्याच फुगलेल्या पेशी दिसल्या आणि पुढे एन्झाइमची टेस्ट, जीनची टेस्ट होऊन गोशे नावाचा आजार पक्का झाला. रिपोर्टवर एल४४४पी होमोझायगस असं लिहिलंय.

डॉक्टर म्हणतात दर पंधरा दिवसांनी शिरेतून एन्झाइम द्यायचं, आणि ते जन्मभर. किंमत ऐकून दाजी तिथेच मटकन खाली बसले. आता घरात जो तो वेगळं सांगतोय, कुणी म्हणतं ऑपरेशन करून पानथरीच काढून टाका म्हणजे प्रश्न मिटला, कुणी म्हणतं बोन मॅरो ट्रान्सप्लांट करा एकदाच काय तो खर्च. बहीण आत्याच्याच घरी दिलीय, म्हणजे नात्यातलं लग्न, तरी आता आत्याच म्हणतेय की आमच्याकडे असलं कधी नव्हतं. आणि बहिणीला परत दिवस गेलेत, तिसरा महिना लागलाय. इंजेक्शनने खरंच फरक पडतो का आणि एवढा पैसा आणायचा कुठून, कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

सानूची_आई

दादा, आधी एक गोष्ट, फरक पडतो. खूप पडतो. माझ्या मुलीला हाच आजार आहे आणि आता ती शाळेत जाते. पोटामुळे तिला दोन मापं मोठा फ्रॉक घ्यावा लागायचा, बाह्या पार तळहातापर्यंत लोंबायच्या. आता तिच्या वयाचा फ्रॉक बसतो, हे मी कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोठं मानते. आमच्याकडे हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट आधी सुधारल्या, पानथरी आणि लिव्हर हळूहळू उतरलं, उंची आणि हाडांना मात्र वेळ लागतो, तिथे धीर धरा.

नेमकं काय करतात ते सांगते. शरीरात ग्लुकोसेरेब्रोसिडेज नावाचं एन्झाइम कमी असल्याने एक प्रकारची चरबी पेशींत साठत जाते, पानथरीत, लिव्हरमध्ये, हाडांच्या मगजात. तेच एन्झाइम बाहेर तयार करून देतात. बाटलीत पांढरी पावडर असते, सिस्टर त्यात पाणी घालून हलकेच फिरवतात, जोरात हलवत नाहीत कारण फेस होऊन औषध खराब होतं, मग सलाइनमधून एक-दोन तास सोडतात. सुरुवातीला अंगावर पित्त उठतंय का, धाप लागतेय का यावर लक्ष ठेवतात, कारण काहींना रिअॅक्शन येते, तेव्हा स्पीड कमी करतात आणि पुढच्या वेळी आधी रिअॅक्शनचं औषध देतात. सुई टोचायच्या तासभर आधी हाताला बधिर करायचं क्रीम लावा, मूल निम्मं कमी रडतं. मोबाइलवर कार्टून तर हवंच. आणि जन्मभर हे खरंय, थांबवलं की साठायला परत सुरुवात होते.

जेनेटिक्स_ओपीडी

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, अनुवांशिक आजारांच्या विभागात काम करतो. मामा, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात घाईची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीय, बहीण गरोदर आहे. आई-बाबा दोघंही वाहक असले, म्हणजे जीनची एक प्रत बिघडलेली पण स्वतःला आजार नाही असे, की प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के असते, पहिलं मूल आजारी झालं म्हणून दुसरं सुटलं असं नसतं. भाचीचं म्युटेशन, म्हणजे जीनमधला नेमका बिघाड, माहीत आहे त्यामुळे बाळाची तपासणी करता येते, साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा छोटा तुकडा घेऊन. तिसरा महिना लागलाय म्हणजे या आठवड्यातच जेनेटिक्सवाल्यांना भेटा. पुढे काय करायचं हा निर्णय बहीण आणि दाजींचा, पण माहिती वेळेत मिळायला हवी. जाताना भाचीचा जीनचा मूळ रिपोर्ट न्या आणि दोघांचंही रक्त द्या.

आत्याबाईंना शांतपणे सांगा की हा आजार दोन्हीकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच होतो, एका घराचा दोष नाही. आणि तुम्ही स्वतः वाहक असायची शक्यताही निम्मी आहे, तुमचं लग्न व्हायचं असेल तर तपासून घ्या, विशेषतः नात्यातली मुलगी बघत असतील तर.

आता दुसरं, हे जड आहे पण सांगायला हवं. एल४४४पी होमोझायगस, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रतींत तोच एक बिघाड, असलेल्या बऱ्याच मुलांचा आजार टाइप ३ असतो, त्यात मेंदूवरही हळूहळू परिणाम होतो. पहिली खूण बहुतेकदा डोळ्यांत दिसते, मूल बाजूला बघताना नुसती नजर न फिरवता मान झटकून बघतं. न्यूरो आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. इंजेक्शनचं एन्झाइम रक्तातून मेंदूत पोचत नाही, त्यामुळे पोट, रक्त, हाडं यांवर छान काम करतं, मेंदूवर नाही. तरी टाइप ३ मध्येही देतात आणि द्यावं, कारण मुलाचं रोजचं जगणंच बदलतं.

पानथरी काढू नका. एन्झाइम मिळत नव्हतं तेव्हा तो नाइलाज होता, काढल्यावर हाडांचा त्रास वाढायची भीती असते आणि जंतुसंसर्गाचा धोका जन्मभर राहतो. पोटावर मार लागेल असे खेळ मात्र सध्या बंद. ट्रान्सप्लांटने बरं होऊ शकतं पण त्यात जिवाचा धोका मोठा, म्हणून १९९१ मध्ये पहिलं एन्झाइम आल्यापासून ते मागे पडलं. ते पहिलं औषध माणसाच्या वारेतून काढायचे, १९९४ पासून प्रयोगशाळेत पेशींमधून बनवतात. गोळ्याही आहेत, एलिग्लुस्टॅट वगैरे, पण ती मुख्यतः टाइप १ च्या, म्हणजे मेंदूवर परिणाम नसलेल्या, मोठ्या माणसांसाठी, तुमच्या भाचीसाठी नाही.

कागदपत्रवाला

पैशाचं मी लिहितो, माझ्या पुतण्यासाठी हे सगळं केलंय. केंद्राचं २०२१ चं दुर्मिळ आजारांचं धोरण आहे, गोशे त्यात गट ३ मध्ये येतो, म्हणजे उपचार आहे पण फार महाग आणि जन्मभराचा. २०२२ पासून एका पेशंटला ५० लाखांपर्यंत मदत आहे, पण ती सेंटर ऑफ एक्सलन्समधूनच, म्हणजे या आजारांसाठी सरकारने ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांतूनच, आपल्याला मुंबईचं केईएम हॉस्पिटल. पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, हॉस्पिटलकडे जातात. तिथली समिती फाइल बघते, म्हणून फाइल पक्की करा, एन्झाइम, जीन, सोनोग्राफी, रक्ताचे आकडे, आधार, सगळ्याच्या तीन तीन प्रती. दाजी ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, असतील तर तेही लगेच विचारा, तिथून काही मुलांना उपचार मिळालेत.

आता खरी अडचण. डोस वजनावर असतो. ६० युनिट प्रति किलो धरलं तर १२ किलोला एका वेळी ७२० युनिट, म्हणजे ४०० च्या दोन बाटल्यांच्या आत. तीच पोरगी २४ किलोची झाली की १४४० युनिट, जवळपास चार बाटल्या. मूल वाढतं तसा खर्च वाढतो आणि ५० लाख मात्र तेवढेच राहतात. मुलाची तब्येत सुधारतेय, वजन वाढतंय, आणि नेमकं त्यामुळेच पैसे लवकर संपतात, हे कुठल्याच आईबापाच्या नशिबी यायला नको. कोर्टात यावर केसेस झाल्या, दिल्ली हायकोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय निधी उभा करायला सांगितलं. म्हणून मदत सुरू झाली की गप्प बसू नका, त्याच दिवसापासून कंपनीच्या मोफत औषधाच्या योजनेत नाव द्या आणि पालकांच्या संघटनेत सामील व्हा, एकट्याने पत्रं लिहून काही हलत नाही.

बार्शीचा_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला दहावा आठवडा चालू आहे, सोमवारी मुंबईची अपॉइंटमेंट घेतलीय, दाजीपण येतायत. नजरेचं वाचून मी घरी बॉल डावीउजवीकडे फिरवून बघितला, ती मान वळवून बघते पण मुद्दाम करते की कसं ते मला कळत नाही. आणि दर पंधरा दिवसांनी बार्शी-मुंबई करायचं म्हणजे दाजींची नोकरी जाईल, त्याला काही मार्ग?

जेनेटिक्स_ओपीडी

बॉल फिरवतानाचा व्हिडिओ काढा, चेहरा जवळून दिसेल असा, आणि न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा, त्यावरून इथे काही ठरवू नका. प्रवासाचं म्हणाल तर सुरुवातीचे डोस सेंटरलाच होऊ देत, रिअॅक्शन येत नाही हे दिसलं की तुमच्या जिल्ह्यातल्या बालरोग विभागात देता येईल का ते समितीला लेखी विचारा. औषध २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, तेव्हा ने-आण कोण करणार आणि तिथे फ्रिज आहे का हेही त्याच अर्जात लिहा. पण ते नंतर, सोमवार चुकवू नका.