सिगरेट सोडून १९ दिवस झाले. खोकला वाढलाय, मन थाऱ्यावर नाही. मदत हवी आहे.

नमस्कार. वय ४१, राहतो कांजूरमार्गला, ऑफिस लोअर परळला. १७ वर्षं रोज १०-१२ सिगरेटी ओढल्या. आता १९ दिवस एकही नाही.

पहिले तीन दिवस फार वाईट गेले. डोकं ठणकायचं, रात्री दोनला टक्क जाग. ते आता बरंच उतरलंय. पण खोकला उलट वाढला, सकाळी तपकिरी कफ पडतो. घाबरून डॉक्टरांकडे गेलो. छाती तपासून ते म्हणाले, श्वासनलिकेतले सूक्ष्म केस धुराने निकामी झालेले असतात. ते पुन्हा हलायला लागले की साचलेला कफ वर येतो. रक्त दिसलं तर मात्र लगेच या म्हणाले. तोंड आलंय, पोटही साफ होत नाही, पण ते चालवून घेतोय.

छातीत धडधड व्हायची, त्यावर त्यांनी आधी विचारलं, "चहा किती घेता?" सहा कप! सिगरेटच्या धुरामुळे शरीर कॅफीनचा निचरा लवकर करतं. सिगरेट सुटली की तेवढ्याच चहातलं कॅफीन जास्त वेळ अंगात राहतं. तीन कपांवर आलो आणि दोन दिवसांत फरक पडला. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

खरा त्रास मनाचा आहे. परवा जेवताना लेकीच्या हातून आमटीची वाटी सांडली. मी एवढा ओरडलो की ती टेबलाखाली जाऊन बसली, बाहेर येईना. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून मी रडलो. कशातच रस वाटत नाही. बायको समजून घेते, पण तिलाही किती ताणायचं?

संध्याकाळी साडेपाचला ऑफिसखालच्या टपरीवर सगळे जमतात. हात आपोआप खिशाकडे जातो. २ मिलिग्रॅमचं निकोटीन गम घेतो, पण साध्या च्युइंगगमसारखं चघळत राहिल्याने उचक्या लागायच्या. थोडं चावून गालात धरायचं असतं, हे केमिस्टने सांगितल्यावर कळलं.

ज्यांनी सोडली आहे त्यांना विचारतो: ही चिडचिड आणि उदासी तुम्हाला किती आठवडे पुरली? १८००-११-२३५६ या सरकारी हेल्पलाइनवर कुणी बोललंय का, मनाच्या त्रासाबद्दल ते ऐकून घेतात का? की थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ? आणि त्या साडेपाचच्या वेळेला तुम्ही काय करायचात? सोमवारपासून पुन्हा ऑफिस आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.